"तीन फुटांवरून सगळं सारखंच दिसतं" म्हणणाऱ्यांसाठी

शॉर्टहूड_नौपाडा
काल आपल्या मॉडेल-रेल्वेच्या फोरमवरच एका पोस्टमध्ये वाचलं की डिझेल इंजिनाचं मॉडेल घेऊन त्याचे कठडे, पाइप, दिवे बदलत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, तीन फुटांवरून सगळं सारखंच दिसतं, आणि वर "16.5 मिमीच्या रुळावर ब्रॉडगेज पळवणाऱ्यांनी अचूकतेच्या गप्पा मारू नयेत". हे शेवटचं झोंबलं. तिथेच लिहिणार होतो पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गेजचं आधी उरकतो. आपली मॉडेलं खऱ्याच्या 1/87 मापाची. 16.5 ला 87 ने गुणलं की 1435, ते बाहेरच्यांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपलं 1676, म्हणजे रूळ 19.2 ला पाहिजेत. पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात, हे आपल्यात कोणाला माहीत नाही? पण आमटी खारट झाली म्हणून कोणी भात मुद्दाम करपवतं का?

आता माझं डब्ल्यूडीएम-2, आपलं जुनं अल्को बनावटीचं डिझेल इंजिन. बॉडी थ्रीडी प्रिंटची, एकाकडून मागवली, त्याने कठडे बॉडीतच छापलेले, 0.8 मिमी जाड. करा गुणाकार. खऱ्यात 70 मिमी. म्हणजे ड्रायव्हरने ड्रेनेजच्या पाइपाला मिठी मारून इंजिनात चढायचं. सगळे खरवडून काढले, पिनव्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारक्या ड्रिलने, 0.4 ची भोकं पाडली, पितळी तार वाकवून बसवली. ती भरते 35 मिमी, मुठीत धरता येईल अशी. एका बाजूचे कठडे लावायला दोन रविवार गेले आणि ड्रिलचे तीन बिट मोडले. खाली जुन्या अमेरिकन आरएसडी-4/5 इंजिनाच्या मॉडेलची चॅसी, कारण ट्रायमाउंट, म्हणजे तीन आसांची, बोगी तयार मिळते, चाकांमधलं ते कमी-जास्त अंतर आपोआप येतं. चाकं मात्र त्यांची 40 इंची, आपली 1092 मिमी, मॉडेलात पाऊण-एक मिमीचा फरक. ते सोडून दिलं.

आणि बफर बीमवर, म्हणजे समोरच्या आडव्या पट्टीवर, एकच जाड पाइप लावला, व्हॅक्यूम ब्रेकचा. कारण माझं इंजिन 1975 च्या आसपासचं, एअर ब्रेक बसून डब्ल्यूडीएम-2ए व्हायच्या आधीचं. ज्यांनी ती पोस्ट टाकली त्यांच्या फोटोत जुन्या रंगातलं इंजिन आहे, त्याला एअर ब्रेकचे बारीक बारीक चार पाइप, सगळे काळे, आणि कपाळावर ट्विन बीम, तो नंतरचा जोड-हेडलाइट. हे म्हणजे पेशव्यांच्या चित्रात मनगटी घड्याळ.

दिवा_डाउन
ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, आम्ही दिव्याला राहतो, धक्के खायची सवय आहे.

तुमच्याच लिखाणात उत्तर आहे. "ते सोडून दिलं." चाकं सोडली, गेज सोडलं, आणि पाइपावर अडलात. म्हणजे जिथे तुम्हाला जमलं तिथे अचूकता आणि जिथे नाही जमलं तिथे "कुठेतरी थांबावं लागतं". मी फक्त तुमच्या आधीच्या स्टेशनवर उतरलो, एवढाच फरक.

माझ्याकडे दीड खोली, लेआउट, म्हणजे रूळ बसवलेली फळी, दारामागे उभा करून ठेवतो, मुलगा झोपला की आडवा टाकतो. तासभर मिळतो. त्या तासात मला गाडी चालवायचीये, भोकं नाही पाडायची. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्याने ते इंजिन बघून "कोकणकन्या!" म्हणून उडी मारली. त्याला सांगू का, बाळा, थांब, पाइप मोज?

शॉर्टहूड_नौपाडा
मुलाला मध्ये आणू नका हो. मुलाला खोका दिला आणि त्यावर चाकं काढली तरी तो कोकणकन्याच म्हणेल. तुम्ही तुमचं बोला.

आणि कोकणकन्या म्हणत असाल तर मग 1998 नंतरचं, मग एअर ब्रेक बरोबर, ट्विन बीमही बरोबर, पण मग रंग आणि नंबर चुकला. एक काहीतरी ठरवा.

पिनव्हाइस_ऐरोली
दोघांनाही एक सांगतो, कठड्यांना सुपरग्लू लावताना हेडलाइटची काच आधी बसवू नका. वाफेने पांढरी होते. माझी झाली. आता माझं इंजिन मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं.

वाशीची_प्रज्ञा
मूळ वाद चालू द्या, पण शॉर्टहूडदादा, तुमच्या फोटोत बाजूला "मध्य रेल" लिहिलंय. मी माझ्या इंजिनावर "मध्य रेल्वे" छापून घेतलं. महाराष्ट्रात धावणाऱ्या इंजिनावर आपल्या भाषेत का नको?

शॉर्टहूड_नौपाडा
कारण खऱ्या इंजिनावर "मध्य रेल" असतं, ताई. अधिकृत हिंदी नाव तेच आहे.

वाशीची_प्रज्ञा
म्हणून तर चीड येते. खऱ्यावर आपल्याला विचारत नाहीत, निदान माझ्या टेबलावरच्या वीस सेंटीमीटरच्या इंजिनावर तरी माझं चालू दे.

गुळाचा_गणपती
+1. डब्यांवर हिंदी, तिकिटावर हिंदी, आता मॉडेलवरही हिंदीच अचूक. वा.

दिवा_डाउन
प्रज्ञाताई, तुम्ही माझ्या बाजूच्या हो. तुम्हाला पाहिजे ते लिहिलंत की नाही? मग मी मला पाहिजे तो पाइप लावला.

वाशीची_प्रज्ञा
अजिबात नाही! माझे पाइप बरोबर आहेत, ब्रेक पाइपचा कॉक (तोटी) हिरवा, फीड पाइपचा पांढरा. मी जाणूनबुजून एक गोष्ट बदलली, ती का बदलली ते सांगू शकते. तुम्ही बघितलंच नाहीत.

गुळाचा_गणपती
पण ताई, उद्या कोणी "सेंट्रल रेल्वे"चं पण मराठी करेल. स्टेशनच्या पाटीचं काय? माझ्या डायोरामात, म्हणजे छोट्या देखाव्यात, 80 च्या दशकातलं ठाणे आहे. तेव्हा पाटीवर रोमनमध्ये "थाना" होतं. तेही पुसू?

वाशीची_प्रज्ञा
ते ठेवा. तो इतिहास आहे.

गुळाचा_गणपती
आणि "मध्य रेल" काय वर्तमान आहे होय? स्टेशनचा कोड आजही टीएनए आहे, म्हणजे थानाच. मग तुमची अस्मिता कोडला का नाही लागत?

वाशीची_प्रज्ञा
अस्मिता शब्द मी वापरलेला नाही. तुम्ही वर +1 देऊन आता उलटे फिरलात, यू-टर्नला पण इंडिकेटर द्यावा लागतो.

नेरूळ_डेपो
हा धागा डिझेल इंजिनाचा आहे की भाषावार प्रांतरचनेचा? आणि "मध्य रेल" विरुद्ध "मध्य रेल्वे" हा वाद करणाऱ्यांनी एकदा तो डेकल, म्हणजे इंजिनावर चिकटवायची छापील अक्षरं, स्वतः छापून बघावा. घरच्या प्रिंटरवर पिवळं अक्षर उमटतच नाही, शाई पारदर्शक, खाली पांढरा थर लागतो. बाहेरून छापून घेतलं. त्या दुकानदाराने "मध्य" चा "मघ्य" केला. अक्षर दीड मिलिमीटरचं, मला भिंगातून दिसलं, तेही डेकल चिकटवल्यावर. सोडून दिलं. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, आता तुम्हाला सांगून बसलो.

आणि मॅट रंगावर सरळ डेकल लावू नका, खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आधी ग्लॉसचा चकचकीत थर. पावसाळ्यात मात्र हातही लावू नका, आमच्याकडे खाडीचा दमटपणा, लॅकर मारला की पांढुरकं धुकं धरतं. जुलैमध्ये मारलेलं इंजिन दिवाळीत परत घासलं. गॅलरीत एअरब्रश लावला तर सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं गॅस गळतोय, ते वेगळंच.

शॉर्टहूड_नौपाडा
मघ्य रेल!! हे मात्र फ्रेम करून ठेवा.

फिटरकाका
वाचत होतो, आता राहवत नाही. मी डिझेल शेडमध्ये एकतीस वर्षं काढली, कुठल्या ते विचारू नका. तुम्ही सगळे "खरं इंजिन असं असतं" म्हणता ना, हसू येतं.

एक अल्को आमच्याकडे होतं. म्हशीला धडकून आलं, समोरची जाळी आत दबलेली. स्टोअरमध्ये नवी नाही. कंडेम होऊन मागच्या लाइनीवर उभ्या असलेल्या इंजिनाची कापून लावली. ती जुनी म्हणून रंग उडालेला, बाकी इंजिन पीओएच, म्हणजे ठरावीक काळाची मोठी दुरुस्ती, करून आलेलं, चकचकीत. एका बाजूचा कठडा वाकलेला तो हातोडीने सरळ केला, सरळ म्हणजे आमच्या हिशेबाने सरळ. दोन महिने ते इंजिन तसंच फिरलं. त्या दोन महिन्यांत कोणी फोटो काढला असेल तर तुमच्यातला एखादा आज तोच फोटो समोर ठेवून अगदी तसंच वाकडं मॉडेल करत असेल आणि दुसरा त्याला म्हणत असेल, "ड्रॉइंगमध्ये असं नाही."

रंगाचं तर बोलूच नका. ड्रम बदलला की छटा बदलायची, आणि वर सहा महिने काजळी बसायची. नॉच वाढवला, म्हणजे जोर वाढवला, की असा काळा धूर टाकायचं, बाजूच्या लोकलमधले लोक खिडक्या लावायचे.

दिवा_डाउन
घ्या! काका बोलले. खऱ्यातच ठिकाणा नाही तर मॉडेलमध्ये कसली अचूकता? संपला धागा.

फिटरकाका
अरे बाबा, मी असं कुठे म्हणालो? जाळी दुसऱ्या इंजिनाची लावली, पण व्हॅक्यूमच्या इंजिनाला एअरचे पाइप कोणी लावत नव्हतं. गाडी थांबली नसती. तुझं इंजिन फोटोत छान दिसतं, पण ते ब्रेक लावू शकत नाही.

शॉर्टहूड_नौपाडा
😂 काका, पाया पडतो.

पण काकांचा अर्धा मार मलाही आहे, ते मान्य करतो. नाइलाजाने. मी दोन महिने ड्रॉइंग धरून कठडे अगदी पट्टीने सरळ केले. आता माझ्या इंजिनाचे जुने फोटो बघतोय, शॉर्टहूडच्या, म्हणजे इंजिनाच्या आखूड नाकाच्या, डाव्या बाजूचा खालचा दांडा आत गेलेला दिसतो. नंबर सांगत नाही, उद्या सगळे फोटो घेऊन याल. म्हणजे आता तो मुद्दाम वाकवायचा. पितळी तार पुन्हा उपटून.

पिनव्हाइस_ऐरोली
उपटू नका, चिमट्याने जागेवरच दाबा. नाहीतर रंगासकट निघेल.

वाशीची_प्रज्ञा
आवाजाचं कोणीच बोललं नाही. माझ्या साउंड डिकोडरमध्ये, म्हणजे मॉडेलला आवाज देणाऱ्या चिपमध्ये, हॉर्न अमेरिकन, पाच सुरांचा. आपला दोनच सुरांचा, एक चढा, एक खालचा. बाबा कोपरीला राहायचे तेव्हा रात्री पावणेबाराच्या सुमाराला कोकणकन्या ठाण्यात यायची, तो डिझेल इंजिनाचा हॉर्न ऐकून ते घड्याळाकडे न बघता दिवा मालवायचे. 2022 ला पूर्ण कोकण रेल्वेवर वीज आली. बाबा त्याच्या आधीच गेले. मी तो चुकीचा हॉर्न एकदा लावला आणि डिकोडर काढून ठेवला. हे दिवा_डाउनना, तुमच्या तीन फुटांसाठी. कानाला तीन फूट नसतात.

दिवा_डाउन
...बरं.

ताई, यावर मी काय बोलणार. पण माझी पोस्ट चुकीची नव्हती, नवीन पोरांना तुम्ही लोक पहिल्याच फोटोवर फाडून खाता त्यावर होती. माझ्या पहिल्या इंजिनाला इथे एकाने "प्लास्टिकची चप्पल" म्हटलं होतं. मी वर्षभर काही टाकलं नाही त्यानंतर.

शॉर्टहूड_नौपाडा
ते मी नव्हतो.

दिवा_डाउन
लाइक तुमचा होता.

शॉर्टहूड_नौपाडा
बघतो. ... हो, होता. काढला.

गुळाचा_गणपती
मग रेल की रेल्वे, ठरलं का?

नेरूळ_डेपो
मघ्य रेल ठरलं.

दिवा_डाउन
चला, मुलाची कोकणकन्या आहे तर कोकणकन्याच करतो. एअरचे पाइप राहू देत, कॉक हिरवा-पांढरा रंगवतो, नंबर बदलतो. पण कठडे नाही बदलणार, सांगून ठेवतो. फक्त समोरचे दोन. 0.4 चा बिट ठाण्यात कोणाकडे जास्तीचा आहे का?

शॉर्टहूड_नौपाडा
माझ्याकडे एक उरलाय. रविवारी सकाळी या, नौपाड्यात. ती तीन फुटांची पोस्ट आधी काढा.

दिवा_डाउन
नाही काढणार. बिट घेऊन जाईन.