मदत हवी आहे : पाऊचमधली चकली मऊ पडते, आणि भाव कसा ठरवायचा?

नमस्कार. मी कोथरूडला राहते. सासूबाईंकडून शिकलेली भाजणी आणि चकली दोन वर्षं सोसायटीत देतेय, आता नीट व्यवसाय करायचा आहे. एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी) नोंदणी झाली, वर्षाची फी 100 रुपये भरली, 14 अंकी नंबरही आला. अडलंय ते चकलीपाशी.

घरच्या स्टीलच्या डब्यात ती तीन आठवडे कुरकुरीत राहते. पाऊचमधली मात्र दहाव्या दिवशीच मऊ! मोहन कडकडीत घालते, पूर्ण गार झाल्यावरच भरते. पाऊच साधा प्लॅस्टिकचा आहे, दोष तिथेच असावा. आतून चंदेरी थर असलेला घेऊ का? रविवार पेठेत शंभरेक नग कुणी देतं का? हजार घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत.

दुसरं भावाचं. तेल, डाळी, गॅस, पॅकिंग धरते, पण माझे चार तास कसे धरायचे? ओळखीच्या ताई "घरचंच तर आहे" म्हणत भाव पाडतात, मला नाही म्हणवत नाही. फार लागतं मनाला.

लेबलवर मुदत किती दिवसांची लिहावी हेही सांगा. उगाच लांबची तारीख छापणं मला पटत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी हे सगळं ठरवायचंय.