मदत हवी आहे : फिंगरस्टाइल गिटारवर अंगठ्याचा ठोका मारताना सूर बोथट होतो

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये राहतो आणि अकूस्टिक गिटारवर फिंगरस्टाइल वाजवतो. अंगठ्याने बेस आणि बोटांनी गाण्याची चाल, इतपत हात बसला आहे. मात्र त्यातच तालवाद्यासारखे ठोके मिसळू लागलो की सगळी घडी विस्कटते. इथे मला लाभलेल्या शिकवण्यांचा भर कॉर्ड आणि स्ट्रमिंगवर होता, म्हणून या मंचावरील जाणकारांना विचारत आहे. मायकल हेजेस किंवा अँडी मॅकी या गिटारवादकांसारखे दोन्ही हातांचे टॅपिंग (दोन्ही हातांच्या बोटांनी तारा गळ्यावर ठोकून सूर काढणे) मला तूर्त नको आहे. अंगठ्याचा ठोका नीट जमला तरी पुष्कळ झाले.

अडचण नेमकी अशी आहे. चार मात्रांपैकी २ आणि ४ या मात्रांवर अंगठ्याची कड पाचव्या-सहाव्या तारेवर आपटली की तारा फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आदळून स्नेअर ड्रमसारखा कोरडा ‘टक्’ आवाज येतो, आणि त्याच क्षणी तर्जनीने किंवा मधल्या बोटाने पहिल्या-दुसऱ्या तारेवरचा सूर छेडायचा असतो. नुसता ठोका स्वच्छ येतो, नुसता सूरही येतो. पण दोन्ही एकत्र आले की एक तर हात खाली गेल्यामुळे बोटे तारांत रुतून सूर बोथट निघतो, किंवा सूर जपायला हात उचलून धरला तर ठोका ऐकूच येत नाही. मेट्रोनोम (ताल मोजणारे यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर असेपर्यंत हे निभावते, परंतु ८० च्या पुढे ठोका सुराच्या किंचित मागे पडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट कळते. ही हालचाल कुलपात किल्ली फिरवावी तशी मनगटातून व्हावी, की कोपरापासून सगळा हात खाली यावा? मी ढोलपथकात वाजवतो, त्यामुळे माझा हात मुळातच जड आहे, हेही लक्षात घ्यावे.

याला जोडूनच एक शंका आहे. पहिल्या मात्रेवर छेडलेला बेस दुसऱ्या मात्रेच्या ठोक्याने साहजिकच तुटतो. माझ्या कानाला त्यामुळे ताल उलट उठून दिसतो, पण संथ गाण्यात ते खटकते. अशा वेळी आपण बेस चौथ्या तारेवर नेता, की ठोकाच गाळता?

किकसाठी, म्हणजे बेस ड्रमसारख्या खोल ठोक्यासाठी, तळहाताचा मनगटाजवळचा भाग साउंडहोलच्या वरच्या बाजूला लाकडावर मारतो. ब्रिजच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागे आवाज अधिक घुमतो, परंतु तिथून तारांवर परत यायला वेळ लागतो आणि सॉलिड स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीवर रोज ठोके मारायला मन धजत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात दमटपणाने ही फळी फुगते, तारांची उंची वाढते आणि उन्हाळ्यात सहज निघणाऱ्या ‘टक्’साठी जास्त जोर द्यावा लागतो, त्यावर ट्रस रॉडला (गळ्याचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावावा, की सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) थोडे घासून घ्यावे?

शेवटचे, पिकअपविषयी, म्हणजे गिटारचा आवाज अँप्लिफायरपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाविषयी. माझ्या गिटारमध्ये सॅडलखाली बसवलेला पिएझो पिकअप आहे. त्यातून तारा नीट ऐकू येतात, पण लाकडावरचे ठोके फारच क्षीण येतात. आतून फळीला चिकटवायचा कॉन्टॅक्ट पिकअप जोडीला लावलेल्यांनी, लहान सभागृहात फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज पिकअपमध्ये परत शिरून होणाऱ्या घोंघाटाचा) त्रास कितपत होतो आणि तो पिकअप फळीवर नेमका कुठे चिकटवला, हे कृपया सविस्तर सांगावे.