हाडात पू झालेला पेशंट घरी आणलाय, रोजची काळजी कशी घ्यायची?

वाडीतली_सून:

नमस्कार, जरा सविस्तर लिहितेय, कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा. आम्ही गुहागर तालुक्यात आतल्या गावात राहतो. माझे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ६४, १२ वर्षं डायबेटिस. मेच्या सुरुवातीला आंबे काढताना झाडावरून पडले आणि नडगीचं हाड मोडून कातडीच्या बाहेर आलं. ऑपरेशन झालं, रॉड टाकला, घरी आलो, सगळं ठीक वाटत होतं पण जुलैत टाक्यांच्या जागी लाल झालं आणि एक दिवस उठून बघतो तर चादर पिवळी. परत अॅडमिट. हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय म्हणाले, रॉड काढला, नासलेलं हाड खरवडून काढलं आणि आता बाहेरून सळयांचा फिक्सेटर लावलाय. हाडाच्या तुकड्याच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात ती तपासणी) स्टॅफ नावाचा जंतू आला. दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेतून औषध द्यायची लांब बारीक नळी, घातली आहे आणि त्यातून टायकोप्लॅनिन हे अँटिबायोटिक रोज एकदा, एकूण ६ आठवडे. त्यातले १६ दिवस झाले.

इंजेक्शन द्यायला शेजारच्या वाडीतली नर्सिंग झालेली मुलगी येते, ड्रेसिंगही तीच एक दिवसाआड करते. बाकी सगळं मी आणि सासूबाई. डिस्चार्जच्या वेळी कागद दिला पण त्यावर फक्त औषधं, बाकी काय करायचं काय नाही ते कोणी नीट बसून सांगितलं नाही. पाऊस थांबत नाहीये, घरात सगळं दमट, लाइनवरची पट्टी कडेने सुटतेय, लाइट रोज जाते आणि इन्शुलिन फ्रिजमध्ये. सासूबाईंनी त्यांचा भात, मासे, आंबट सगळं बंद केलंय, पू वाढतो म्हणून. अण्णा आठवडाभर धड जेवले नाहीत. पाय उचलायचा म्हटला की ओरडतात आणि मला भीती वाटते की माझ्या हातूनच काहीतरी मोडेल.

ऑर्थोवॉर्डची_सिस्टर:

ताई, मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीचशी हाडांच्या वॉर्डात, आता रत्नागिरीला घरी असते. तुमचं वाचून राहवलं नाही. हे सगळं डिस्चार्जच्या आधी तुम्हाला बसून सांगायला हवं होतं, आणि तुम्ही विचारताय हेच चांगलं आहे कारण या आजारात ऑपरेशन एक दिवसाचं असतं आणि पुढचे महिने सगळे घरच्यांच्या हातावर असतात.

आधी लाइन. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, म्हणजे बाहेरच्या तोंडाला लागलेली घाण थेट रक्तात. त्या मुलीला सांगा, दर वेळी साबणाने हात धुवून मगच हात लावायचा, आणि सिरिंज जोडायच्या आधी लाइनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने १५ सेकंद चांगलं घासायचं आणि वाळू द्यायचं, नुसतं टेकवून काढायचं नाही. फ्लश, म्हणजे सॅलाइन ढकलून लाइन धुणं, १० एमएलच्याच सिरिंजने, कारण लहान सिरिंजमध्ये जोर जास्त येतो आणि आत लाइन फाटू शकते. थोडं ढकलायचं थांबायचं, थोडं ढकलायचं थांबायचं. अडकलं तर जोर लावायचा नाही, फोन करायचा. पट्टी साधारण ७ दिवसांनी बदलतात पण ओली झाली किंवा कडा सुटल्या तर त्याच दिवशी बदलायची, पावसाळ्यात आपल्याकडे घामानेच सुटते, तेव्हा वरून सेलोटेप मारून वेळ काढू नका. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त काढायला सुई नको. बाहेर किती सेंटीमीटर लाइन दिसतेय ते मोजून लिहून ठेवा, वाढली तर सरकली समजायचं. दंड किंवा मान सुजली, दुखायला लागली, किंवा औषध दिल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्री निघा.

टायकोप्लॅनिनचं एक सांगते, नव्या मुलींना माहीत नसतं. पावडरमध्ये पाणी घातल्यावर बाटली खळाखळा हलवली की फेस येतो आणि मग पूर्ण डोस सिरिंजमध्ये येतच नाही. दोन तळव्यांत हळूहळू फिरवायची, रवी फिरवतो ना तशी, पण अगदी सावकाश. फेस आलाच तर १५ मिनिटं तशीच ठेवायची, बसतो.

आता पाय. फिक्सेटरच्या सळईला धरून पाय कधीही उचलायचा नाही. दोघींनी मिळून उचलायचा, एकीचा तळवा गुडघ्याखाली आणि दुसरीचा घोट्याखाली, एकदम एका वेळी, आणि आधी अण्णांना सांगून. खरवडलेलं हाड कमजोर असतं, पिळवटता कामा नये. पोटरीखाली उशी द्या पण टाच अधांतरी राहू दे, डायबेटिसमध्ये टाचेला व्रण पडला तर दुसरं दुखणं सुरू होईल. रोज सकाळ-संध्याकाळ बोटं बघा, गरम आहेत का, हलतात का, स्पर्श कळतो का. दर २ तासांनी कूस बदला. आणि ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी द्या, तुम्ही बहुतेक नंतर देत असाल, म्हणून ओरडतात.

प्रत्येक पिनेला वेगळा गॉज, एकीचा दुसरीला नको. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय त्यानेच पुसायचं, हळद, झाडपाला, खोबरेल काही नको. थोडं पाण्यासारखं येतं, खपली धरते, ते चालतं. दाट पू, वास, लाली पसरणं, पीन हातानं हलणं, हे चालत नाही. आणि घर सारवलेलं असेल तर ड्रेसिंगचं सामान जमिनीवर मांडू नका, शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, उंच टेबलावर धुतलेलं फडकं घालून मांडा. वापरलेला गॉज परड्यात फेकायचा नाही, कुत्रे काढतात, दोन पिशव्यांत बांधून त्या मुलीबरोबर दवाखान्याच्या कचऱ्यात पाठवा.

इन्शुलिनचं, चालू असलेली बाटली फ्रिजबाहेर साधारण ४ आठवडे चालते, फक्त ऊन आणि चुलीची धग नको. जास्तीच्या बाटल्यांसाठी मडक्यात मडकं ठेवून मध्ये ओली वाळू, आत बाटली डब्यात घालून, पाणी लागू द्यायचं नाही.

बंदरावरचा:

ताई, मी मालवणचा. माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर होता, दोरात पाय अडकून हाड मोडलं आणि नंतर अण्णांसारखंच झालं. सिस्टरांनी सगळं लिहिलंय, मी फक्त आमची चूक सांगतो कारण ती तुमच्याकडून होऊ नये.

त्याला इंजेक्शनं संपल्यावर गोळ्या होत्या, त्यात रिफाम्पिसिन नावाचं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी लघवी नारिंगी-लाल आली, घामाने बनियनवर पण डाग. तो घाबरला, रक्त जातंय समजला आणि कोणाला न सांगता गोळी बंद केली. या गोळीने लघवीचा रंग असाच होतो हे एका वाक्यात कोणी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. आई विचारायची तर म्हणायचा, जखम सुकली मां, आता गोळ्ये कित्याक? खरंच सुकली होती, वर नवीन कातडी आली होती, आम्हाला पण बरंच वाटत होतं. ८ महिन्यांनी त्याच जागेला एक पुळी आली, फुटली, आणि त्यातून शितासारखा हाडाचा बारीक तुकडा बाहेर आला. तो तुकडा मी माझ्या हातावर घेतलाय. परत ऑपरेशन, परत ६ आठवडे, आणि त्या वर्षी दोन्ही सीझन गेले.

वरची कातडी बघून आतलं हाड कळत नाही ताई. डॉक्टर बंद म्हणेपर्यंत बंद नाही. आम्ही दुसऱ्या वेळी भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि प्रत्येक डोसला आईच्या हातून फुली मारून घेतली, आईला लिहिता येत नाही पण एक फुली चुकली नाही.

फिजिशियन_चिपळूण:

वरच्या दोघांनी फार मोलाचं लिहिलंय. मी थोडी भर घालतो.

जखम सुकल्यावरही गोळ्या का, तर हाडाच्या मेलेल्या भागाला रक्तपुरवठा नसतो, औषध तिथे पोचतच नाही, आणि रॉड-स्क्रूवर जंतू चिकट थर करून बसतात. म्हणून आधी खरवडणं आणि मग इतके आठवडे औषध. शिरेतूनच का असं बरेच जण विचारतात. ब्रिटनमध्ये १०५४ पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, पहिल्या ६ आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या देऊनसुद्धा वर्षभरानंतरचा निकाल शिरेतल्या औषधाइतकाच होता. म्हणजे लाइन त्रास द्यायला लागली तर डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारायला हरकत नाही, पण कोणती गोळी ते कल्चर बघूनच, आणि निर्णय त्यांचा.

दर आठवड्याला रक्त तपासा, सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर, सीआरपी. सीआरपी आणि ईएसआर दोन्ही शरीरातली सूज दाखवतात, त्यात सीआरपी आधी उतरतो, ईएसआर सावकाश, तेव्हा ईएसआर बघून घाबरू नका. एक्स-रे तर आठवडे मागे असतो. शुगर जास्त राहिली तर सगळी मेहनत पाण्यात, रोज तपासा. अण्णा विडी किंवा मिश्री घेत असतील तर ती बंद, तंबाखूने हाड जुळायला खूप वेळ लागतो, हे मी प्रत्येक पेशंटला हात जोडून सांगतो.

आणखी एक, तुमच्या अण्णांना लागू नाही कारण त्यांच्या कल्चरमध्ये स्टॅफ आलाय, पण इथे कोकणातले लोक वाचतायत म्हणून. आपल्या किनारपट्टीवर, मंगळूर-मणिपालकडे तर जास्तच, मेलिओइडोसिस नावाचा आजार आहे. जंतू चिखलात आणि पाण्यात असतो, पावसाळ्यात लावणीला अनवाणी उतरलेल्या डायबेटिसच्या माणसाला होतो आणि हाडात, सांध्यात पू करतो. पुष्कळदा टीबी समजून औषध चालू होतं आणि पेशंट बरा होत नाही. पू निघाला की कल्चर पाठवल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू देऊ नका, आणि पेशंट शेतकरी आहे, डायबेटिस आहे हे लॅबला आवर्जून सांगा. आणि शुगर असलेल्यांनी शेतात गमबूट घालायचेच.

वाडीतली_सून:

सगळ्यांचे खूप आभार. डोळ्यात पाणी आलं वाचून. काल सिस्टरांनी सांगितलं तसं आधी गोळी दिली, अर्ध्या तासाने ड्रेसिंग, दोघींनी मिळून पाय उचलला आणि अण्णा एकदाही ओरडले नाहीत, नंतर म्हणाले आज काय केलंस गो. बाटलीचं पण खरं निघालं, ती मुलगी जोरात हलवत होती आणि रोज थोडं औषध फेसातच राहात होतं. कॅलेंडर लावलंय. मिश्री लपवून ठेवलीय.

दोन प्रश्न राहिले. खाण्याचं सासूबाईंना कसं समजावू? आणि गणपतीला मुंबईहून सगळे येणार, २२ माणसं, अण्णांची इच्छा आहे आरतीला पुढे बसायची. इन्फेक्शन आहे तर बसवू का? मुलांना लागेल का?

ऑर्थोवॉर्डची_सिस्टर:

सासूबाईंना माझं नाव सांगा, म्हणावं रत्नागिरीच्या सिस्टरने सांगितलंय. पू जंतूंनी होतो, बांगड्याने नाही. जखम भरायला मांस लागतं आणि ते प्रोटीननेच येतं, तेव्हा मासे, अंडी, कुळथाची पिठी, मुगाची आमटी, दही, सगळं द्या. सोलकढी चालेल, लिंबू-आवळा तर हवाच. भात शुगर बघून मोजका, पण बंद नको. एका वेळी जात नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडं थोडं.

आरतीला जरूर बसवा. शेजारी बसून हे कोणाला लागत नाही. मुलांना एवढंच सांगा की सळयांना आणि दंडाच्या पट्टीला हात लावायचा नाही, आणि जो त्यांना धरून बसवेल त्याने आधी हात धुवायचे. खुर्ची मखराच्या बाजूला, गर्दीच्या वाटेत नको, पाय स्टुलावर उशी घालून लांब. निरांजन आणि उदबत्ती लांब, त्या पट्ट्या चटकन पेटतात. डोसची वेळ आरतीत येत असेल तर आरती आधी उरकून घ्या, डोस पुढे ढकलू नका. त्या मुलीला चतुर्थीची आणि गौरीच्या दिवसांची सुट्टी हवी असणार, आत्ताच विचारून त्या दिवशी कोण येणार ते ठरवा, आणि ७ दिवसांचं सॅलाइन, सिरिंज, गॉज आजच मागवा, गणपतीत मेडिकलमध्ये माल येत नाही. ड्रेसिंगला किती गॉज भिजतात ते वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याने मला इथेच सांगा.

वाडीतली_सून:

लिहिते सिस्टर. आज ३ भिजले, सोमवारी ५ होते.