म्हापशाच्या पायलटला इलेक्ट्रिक गाडी पुरेल का, हे मोजायचं कसं?

बार्देशची_लेक
माझे बाबा म्हापसा बसस्टँडवर पायलट आहेत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी चालवणारा. दिवसाला ७०-८० किलोमीटर होतात, शुक्रवारच्या बाजाराला शंभरावर. मागे माणूस, त्याच्या मांडीवर नारळांची पिशवी.

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय 'भविष्यातली वाहनं'. ड्रायव्हरलेस गाडीचं सिम्युलेशन कर, असं सर म्हणतात. माझं मन तिथे लागत नाही, कारण घरात वेगळाच प्रश्न आहे. बाबांच्या स्टँडवरच्या एकाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, १०० किलोमीटर. एका संध्याकाळी गिरीहून पर्वरीला चढताना, गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना गाडी बंद पडली. त्या दिवशी ६० सुद्धा झाले नव्हते. तेव्हापासून बाबा विषयच काढू देत नाहीत. यातून प्रोजेक्ट होईल का, की हे फार लहान आहे?

बॅटरी_लॅब_पुणे
लहान कसं? कागदावरची रेंज बहुतेक वेळा इंडियन ड्राइव्ह सायकलवरून, म्हणजे चाचणीसाठी ठरवून दिलेल्या वेग आणि थांब्यांच्या क्रमावरून, काढलेली असते. त्यात १०८ सेकंदांचा एक ठरावीक नमुना रोलरवर सहा वेळा चालवतात. एकूण ३.९४८ किलोमीटर, सरासरी वेग ताशी साधारण २२, कमाल ४२. त्यात चढ नाही, पाऊस नाही, नारळ तर नाहीतच.

चढाचा हिशेब स्वतः करून पाहा. गाडी, चालक, गिऱ्हाईक मिळून २५० किलो धरले तर १०० मीटर उंची गाठायला सुमारे ६८ वॉट-अवर ऊर्जा लागते, मोटरमधला तोटा वेगळा. सपाटीवर एवढ्यात दोनेक किलोमीटर जातात. म्हणजे एका चढाने रेंज ६० वर येत नाही. माझा संशय दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बॅटरी उतरत आलेली असताना चढावर जास्त करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि बॅटरीचं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. त्यात सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे असतील, तर मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, म्हणून काट्यावरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

तुमचा प्रोजेक्ट म्हणजे 'पायलटचा ड्राइव्ह सायकल'. बाबांच्या सध्याच्या गाडीवर जीपीएस लॉगर लावा, दर सेकंदाला वेग नोंदवा, उंची नकाशावरून घ्या. थांब्यापासून थांब्यापर्यंतचे तुकडे पाडा, याला मायक्रोट्रिप म्हणतात. सगळ्या दिवसांचा सरासरी वेग, प्रवेग, थांबण्याचं प्रमाण काढा आणि त्यांच्याशी जुळणारे तुकडे निवडून एक सायकल बांधा. पेट्रोलच्या गाडीवर मोजलं तरी चालतं. गिऱ्हाईक कुठे चढलं-उतरलं ते मात्र फाइलमधून काढून टाका, ती लोकांची खाजगी गोष्ट आहे.

सरांना हेही सांगा: ड्रायव्हरलेस गाडीला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी रस्त्यांच्या चित्रांचे संग्रह, म्हणजे डेटासेट, लागतात. २०१६ चा सिटीस्केप्स हा प्रसिद्ध डेटासेट मुख्यतः जर्मन शहरांचा. आपल्या रस्त्यांना तो पुरेना, म्हणून हैदराबादच्या ट्रिपलआयटी या संस्थेने सुमारे १०,००० चित्रांचा भारतीय डेटासेट केला, त्यात रिक्षासाठी वेगळा वर्ग आहे. ड्रायव्हरलेसवाल्यांनाही आधी आपला रस्ता नोंदवावाच लागला.

जुना_गॅरेजवाला_फोंडा
पोरी, जून ते सप्टेंबर सोडू नकोस. पावसात ओला रस्ता, खड्डे, सारखा ब्रेक. चाळीस वर्षं गाड्या उघडतोय, आमच्याकडे खारी हवा आणि दमट यांनी वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात. लॉगर सीटखाली कोरड्या जागी बांध, कनेक्टरला ग्रीस लाव.

बार्देशची_लेक
सर, काका, खूप आभार. काल बाबांना ६८ वॉट-अवरचा हिशेब वहीवर करून दाखवला. पहिल्यांदाच त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "दिवसा दोन तास स्टँडवर नंबर लावून उभा असतो, तो पण धरणार?" याचं उत्तर मला आलं नाही.

बॅटरी_लॅब_पुणे
नंबरात गाडी बंद असते, म्हणून तो वेळ सायकलमध्ये धरू नका. सिग्नलला, वाहतुकीत अडकून थांबलेला तेवढा धरा. पण नंबराच्या वेळा वेगळ्या लिहून ठेवा. स्टँडवर चार्जिंग मिळालं तर ते दोन तास बाबांच्या कामाचे ठरतील. आणि गाडी उन्हात उभी असते की सावलीत, तेही लिहा.

बार्देशची_लेक
उन्हात. पिंपळाखालची जागा पहिल्या तीन नंबरांनाच मिळते. शुक्रवारपासून सुरू करते.