मदत हवी आहे : टायमिंग बेल्ट बसवल्यावर खूण अर्धा दात मागे राहते

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यात दांडिया बाजारातील घराच्या अंगणात मी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनचे क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट हे दोन दांडे एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) स्वतः बदलत आहे. नवा बेल्ट चढवून, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळून, पान्याने क्रँकशाफ्टचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) 2 पूर्ण फेरे (म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टचा 1 फेरा) दिल्यावर क्रँकची खूण इंजिनवरील खुणेशी अचूक जुळते. मात्र कॅम पुलीवर मी पांढऱ्या रंगाने ठळक केलेली खूण सुमारे अर्धा दात मागे राहते. बेल्ट चुकीचा बसला असता तर फरक पूर्ण दाताचा दिसला असता. मग टेन्शनरच्या विरुद्ध बाजूस राहिलेल्या ढिलाईमुळे असे होत असेल का? व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याच्या भीतीने इंजिन अजून सुरू केलेले नाही. शिवाय क्रँकचे ऑइल सील (तेल बाहेर गळू न देणारी कडी) किंचित ओलसर दिसते. तेही आत्ताच बदलावे काय? जाणकारांनी कृपया सांगावे.