मदत हवी आहे: फुप्फुसाच्या ऑपरेशनचा वण ओढतो, बरगडीत आग होते

देवगड परिसर. बाबा, वय 61. चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूने बरगड्यांमधून ऑपरेशन झालं, कारण टीबीची जुनी गाठ. टाके भरलेत. खांद्याच्या पात्याखालचा वण आत ओढल्यासारखा वाटतो. तिथून छातीपर्यंत पट्ट्यात आग होते, बनियनही सोसत नाही. शेजारी म्हणतात, खोबरेल लावून जोरात चोळा, गाठ मोडेल. चोळू का? आणि झेला (आंबे उतरवायची जाळीची लांब काठी) कधी धरू देऊ?

प्रतिसाद (फिजिओ)
जोरात अजिबात नको. वण हाताने मोडत नाही, भोवतालची कातडी सैल होते, एवढंच. आणि ही दुखणी दोन आहेत. ओढ वणाची, आग नसेची (नर्व्हची). बरगडीच्या खालच्या कडेने नस जाते, ऑपरेशनात बरगड्या फाकवताना ती दुखावते. म्हणून तर आग बरगडीच्या रेषेत पुढे येते. तिथे रगडलंत की भडकेल.

तेल दोनच थेंब. जास्त झालं की बोट घसरतं, कातडी जागची हलत नाही. वणापासून दोन बोटं लांब सुरुवात करा, बोट टेकवून कातडीच बरगडीवर वर-खाली, आडवी सरकवा. अडेल तिथे अर्धा मिनिट धरा. 5 मिनिटं, दिवसातून दोनदा. आग सुरू झाली की थांबा.

आगीच्या पट्ट्यावर मऊ सुती कापड 2-3 मिनिटं हलकेच फिरवा, सवय झाली की टॉवेल. साध्या पेनकिलरने ही आग फारशी शमत नाही; प्रीगाबालिनसारखं नसेच्या दुखण्याचं औषध डॉक्टरच ठरवतील.

प्रतिसाद
वण लाल, उंच असेल तर वणावर चिकटवायची सिलिकॉन शीट, रोज किमान 12 तास, 2-3 महिने. आपल्या दमट हवेत ती घामाने सुटते, खाली घामोळं येतं. रोज धुऊन सुकवा. पुरळ आलं तर जेल वापरा.

झेल्याचं वजन लांब टोकाला असतं, सगळा ताण पात्यावर. आधी भिंतीवर बोटं चढवत हात पूर्ण वर जाऊ दे, खांदा कानाकडे न उचलता. मग सर्जनला विचारून रिकामी काठी. भरलेला क्रेट यंदा दुसऱ्याने उचलावा.

धाप, ताप, थुंकीत रक्त किंवा छातीवर दाब आला तर थेट दवाखाना. पट्ट्यात फोड उठले तर नागीण असू शकते, 72 तासांच्या आत दाखवा.

धागाकर्ता
आभार. वणाखाली एका जागी स्पर्शच कळत नाही. गरम पिशवी चालेल?

फिजिओ
तिथे नाही. चटका बसलेला कळणार नाही.