गणपतीत कुठला सिनेमा? (सोसायटी ग्रुप, सोमवार रात्र)

नेहा बी-५०३ (सांस्कृतिक): नमस्कार मंडळी 🙏 शनिवारी आरतीनंतर मंडपात पडदा लावतोय, मुलांसाठी सिनेमा. पौराणिक असावा असं कमिटीचं म्हणणं आहे. 'आदिपुरुष' सुचवलाय एकाने, तो २०२३ चा रामायणावरचा हिंदी सिनेमा. चालेल ना?

ओंकार ए-६०३: ताई 😂😂😂

शिंदे काकू बी-२०२: कोणी सुचवला ते नाव टाक ग आधी.

पाटील सी-३०१: मी सुचवला. हसायला काय झालं? दिग्दर्शक ओम राऊत आपला मराठी माणूस, 'तान्हाजी' त्याचाच. बरीचशी गाणी अजय-अतुलची. बजरंग झालाय तो देवदत्त नागे, आपल्या 'जय मल्हार'चा खंडोबा. आपल्याच माणसांचे पाय ओढायची सवय कधी जाणार आपली?

शिंदे काकू बी-२०२: गाण्यांना कोण नाव ठेवतंय भाऊ! 'जय श्रीराम' लागलं की अजून अंगावर काटा येतो. सिनेमाचं बोला.

शिंदे काकू बी-२०२: आम्ही पहिल्या रविवारी सासूबाईंना घेऊन गेलो होतो. हनुमानासाठी एक खुर्ची राखीव, त्यावर फोटो आणि हार. सासूबाई आत शिरल्या त्या हात जोडूनच. मध्यंतरात विचारतात, "अगं, रावण कधी येणार?" म्हटलं आई, मघापासून तोच तर होता की, केस बारीक कापलेला. त्यांचा विश्वासच बसेना.

ओंकार ए-६०३: आणि अजगरांकडून मसाज करून घेतो तो सीन 🐍 थिएटरात मागून एक छोटा मुलगा ओरडला, "याला चावत का नाहीत?" अख्खं थिएटर हसलं. दहा डोकी पण दोन मजली, पाच खाली पाच वर. पुष्पक विमान गायब, त्याऐवजी वटवाघळासारखा काहीतरी प्राणी.

देशपांडे काका ए-१०१: सोन्याची लंका काळी कुळकुळीत केली, हे मला सगळ्यात खटकलं. वाल्मीकींपासून सगळे सोन्याची म्हणतायत.

पाटील सी-३०१: आताच्या मुलांना आवडेल असं केलं त्यांनी. मार्व्हल बघतात ना सगळी?

ओंकार ए-६०३: काका, मार्व्हल बघतो म्हणूनच तर कळतं 🙈 टीझर आठवतोय? २ ऑक्टोबर २०२२, अयोध्येत शरयूच्या काठी. तासाभरात मीम्स सुरू. कोणी म्हणे कार्टून, कोणी म्हणे व्हिडिओ गेम. त्यावर दिग्दर्शक म्हणाले, हा सिनेमा मोठ्या पडद्यासाठी आहे, मोबाइलसाठी नाही. १२ जानेवारीची तारीख पुढे ढकलून १६ जून २०२३ केली. मोठ्या पडद्यावर पाहिला, तर चुकाही मोठ्याच दिसल्या.

देशपांडे काका ए-१०१: मला एक सांगा. १९८७ ला रविवारी सकाळी साडेनऊला रामायण लागायचं. दोन बाण हवेत एकमेकांवर आपटायचे, फट्‌ करून ठिणगी, की संपलं युद्ध. आता बघितलं तर शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं. पण तेव्हा कोणी हसलं नाही. लोक टीव्हीला हार घालायचे. मग आता एवढे कोट्यवधी घालून हसू का आलं?

मंदार सी-७०४: काका, लाखातला प्रश्न. मी कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका चित्रात जोडणं हेच रोजचं काम. म्हणून जरा लांब लिहितो, माफी असावी.

मंदार सी-७०४: पहिलं म्हणजे, सगळे कार्टून म्हणाले तरी हा ॲनिमेशनपट नाही. राम, सीता, रावण झालेले प्रभास, क्रिती, सैफ खरे आहेत, आजूबाजूचं बरंचसं जग संगणकावरचं. आणि गोची तिथेच होते. अख्खा सिनेमा चित्रांचा असता तर माकडाला वजन नसलं तरी चाललं असतं, कारण चित्रातल्या रामालाही वजन नसतं. दोघं एकाच जगातले. इथे खऱ्या माणसाशेजारी खोटं माकड उभं करायचं, म्हणजे त्याचा पाय टेकला की तिथे सावली हवी, माती दबायला हवी, थोडी धूळ उडायला हवी. चेहऱ्यावरचं ऊन ज्या बाजूने, त्याच बाजूने मागच्या डोंगरावरही हवं. यातलं एक जरी हुकलं तरी बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण डोळ्यांना खुपतं. मग तो जवळचा शब्द वापरतो, कार्टून.

मंदार सी-७०४: रजनीकांतचा 'कोचडयान' (२०१४) उलट्या टोकाचा. त्यात माणसंही मोशन कॅप्चरने, म्हणजे नटाची हालचाल टिपून, संगणकावर केलेली. हालचाल रजनीची, पण डोळे मेलेले. तिथेही लोक हसलेच.

मंदार सी-७०४: जुन्या मालिकेने खरं दाखवतोय असा आव कधी आणलाच नाही. बाण खोटा हे तिलाही माहीत, आपल्यालाही. नजर अरुण गोविलच्या चेहऱ्यावर. इथे दर दोन मिनिटांनी "बघा आमचं तंत्र" चाललंय, मग लोक तंत्रच बघणार ना? आणि कृपा करून आर्टिस्ट लोकांना शिव्या देऊ नका. लंका काळी करायची हे संगणकापुढे बसलेला पोरगा ठरवत नाही.

नेहा बी-५०३ (सांस्कृतिक): वा मंदार 👏 पण लोक चिडले ते ग्राफिक्सवर की संवादांवर?

शिंदे काकू बी-२०२: संवादांवरच! ग्राफिक्सवर हसलो, संवादांवर चिडलो, दोन्ही वेगळं. हनुमानाच्या तोंडी "तेरे बाप का"? ही नाक्यावरची भाषा. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत घरी येईपर्यंत.

ओंकार ए-६०३: थोड्याच दिवसांत बदलला तो. 'बाप'च्या जागी 'लंका' 😅 संवादलेखक मनोज मुंतशिर आधी समर्थन करत होते, जुलैत माफी मागितली. अलाहाबाद हायकोर्टानेही झापलं. तिकडे सिनेमात जानकीला भारताची कन्या म्हटलं म्हणून नेपाळात काठमांडूच्या महापौरांनी हिंदी सिनेमेच बंद केले होते.

पाटील सी-३०१: पण चालला होता की! पहिल्या दिवशी जगभरात १४० कोटी.

ओंकार ए-६०३: काका, तो निर्मात्यांचा आकडा, आणि ती ॲडव्हान्स बुकिंगची पुण्याई. सोमवारी धाडकन खाली. मग तिकीट १५० केलं, पुढच्या आठवड्यात ११२. तरी रिकामंच.

देशपांडे काका ए-१०१: पहिले तीन दिवस गेले ते भक्त, पाटील. प्रेक्षक सोमवारी जायचा होता, तो गेलाच नाही.

पाटील सी-३०१: बरं बाबा, हरलो. मग तुम्हीच सांगा काय लावायचं. नाव ठेवायला सगळे पुढे.

मंदार सी-७०४: 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम'. १९९२ चा, जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला. हाताने काढलेली चित्रं. जुन्या हिंदी डबमध्ये रामाचा आवाज अरुण गोविलचा, रावणाचा अमरीश पुरींचा. जानेवारी २०२५ मध्ये थिएटरात परत लागला होता. सव्वादोन तासांचा. आदिपुरुष तीन तासांना एक मिनिट कमी, मुलं झोपतील.

शिंदे काकू बी-२०२: अय्या, हा कार्टून नेटवर्कवर लागायचा ना! आमची मुलं बघायची. कुंभकर्णाला उठवतात तेव्हा कॉटखाली लपायची.

देशपांडे काका ए-१०१: जपान्याने राम केला तेव्हाही आपल्याकडे काही मंडळींनी विरोध केला होता. रामाचं कार्टून कसं काढता म्हणून. आता बघा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): वाचतोय सगळं. सिनेमा कुठलाही लावा, पण सार्वजनिक दाखवायला हक्क लागतात. उतरवलेली कॉपी चालणार नाही. परवानगी मिळाली तरच, नाहीतर मुलांची नाटुकली ठेवा.

नेहा बी-५०३ (सांस्कृतिक): हो काका, उद्या चौकशी करते. मंदार, प्रोजेक्टर आणि वायर तुझ्याकडे.

मंदार सी-७०४: हो. वेळ?

नेहा बी-५०३ (सांस्कृतिक): साडेसातला सुरू, दहाच्या आत संपवायचा. दहानंतर स्पीकर नाही.

पाटील सी-३०१: मध्यंतरात अजय-अतुलचं 'जय श्रीराम' तरी लावा.

शिंदे काकू बी-२०२: ते लावाच 👍